ऋतू बदलतानाचे चौदा दिवस: ऋतुसंधी म्हणजे काय आणि त्या काळात नेमकं काय करायचं

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडतो आणि तीन-चार दिवसांत घरोघरी तक्रारी सुरू होतात. कुणाचं पोट फुगतं, कुणाचे गुडघे धरतात, कुणाचा घसा बसतो. "हवा बदलली" म्हणून आपण विषय संपवतो. आयुर्वेद इथे थांबत नाही. त्याच्या मते या आजारपणात दोन गोष्टी एकत्र येतात. एक, मागच्या ऋतूत शरीरात हळूहळू साठत गेलेला दोष, म्हणजे वात, पित्त किंवा कफ. दुसरी, आपण एका दिवसात बदललेल्या सवयी. काल फ्रिजमधलं पाणी आणि दहीभात, आज आल्याचा चहा आणि कांदाभजी. साठलेल्या दोषावर आपला ताबा थोडा असतो, सवयी बदलण्याच्या वेगावर मात्र पुरेपूर असतो. ऋतुसंधीचा सगळा विचार या वेगाभोवती फिरतो.

संपणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, असे चौदा दिवस म्हणजे ऋतुसंधी. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात ही व्याख्या येते. जुन्या ऋतूचा आहारविहार या दिवसांत क्रमाने सोडायचा आणि नव्या ऋतूचा क्रमाने धरायचा, असं तिथे सांगितलं आहे. पुढे कारणही दिलं आहे: एकदम सोडलं किंवा एकदम धरलं तर असात्म्यातून, म्हणजे शरीराला सवय नसलेल्या गोष्टीतून रोग होतात.

दोष साठतो एका ऋतूत, उसळतो दुसऱ्या ऋतूत

वात, पित्त आणि कफ यांची वर्षभरात तीन टप्प्यांची फेरी चालते. आधी चय, म्हणजे साठणं. मग प्रकोप, म्हणजे उसळणं. शेवटी प्रशम, म्हणजे आपोआप शांत होणं. वात उन्हाळ्यात साठतो, पावसाळ्यात उसळतो, शरदात शमतो. पित्त पावसाळ्यात साठतं, शरदात उसळतं, हेमंतात शमतं. कफ थंडीत साठतो, वसंतात उसळतो, उन्हाळ्यात शमतो.

साठतो तेव्हाच का उसळत नाही, हे कळलं की बाकीचं सोपं होतं. कफाचं उदाहरण घ्या. थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते. तेल आत असतं, पण उलटी केली तरी बाहेर येत नाही. फेब्रुवारी-मार्चचं ऊन लागलं की तेच तेल पातळ होऊन झाकणातून ओघळायला लागतं. थंडीत पौष्टिक, तेलकट, गोड खाऊन साठलेला कफ शरीरात असाच घट्ट बसलेला असतो. वसंतातल्या उन्हाने तो पाघळतो, अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद करतो आणि सर्दी, खोकला, दम, जडपणा सुरू होतो. वाताचं याच्या उलट. उन्हाळ्याचा रुक्षपणा वात साठवतो, पण उष्णतेमुळे तो उसळत नाही. पावसाबरोबर गारवा आला की ती अडचण दूर होते. पित्त पावसाळ्यात साठतं, कारण त्या दिवसांतलं पाणी आणि धान्य-भाजी आंबट विपाकाची, म्हणजे पचल्यावर आंबट परिणाम करणारी होते. हवेतला गारवा त्याला धरून ठेवतो. ढग हटून आश्विनाचं ऊन तापलं, ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो, की ते भडकतं.

आजार दिसतो नव्या ऋतूत, पण त्याचं बीज मागच्या ऋतूत पडलेलं असतं. म्हणूनच ऋतुसंधीची काळजी सात दिवस आधी सुरू होते.

चय ओळखायची एक खूण ग्रंथांत आहे. दोष नुसता साठत असतो तेव्हा तो वाढवणाऱ्या गोष्टींचा शरीराला कंटाळा येतो आणि उलट गुणांची ओढ लागते. जानेवारी संपता संपता लाडू, डिंक, तुपाचं जेवण नकोसं व्हायला लागलं आणि काही तिखट, कडसर, कोरडं खावंसं वाटलं, तर शरीर कफ साठल्याचं सांगत असतं. त्या वेळी "पौष्टिक आहे, खा" असा आग्रह, विशेषतः मुलांना, करू नये.

तारीख कॅलेंडरवरून धरायची का?

चरकांच्या गणनेत माघ-फाल्गुन शिशिर, चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद आणि मार्गशीर्ष-पौष हेमंत. ही गणना जशीच्या तशी महाराष्ट्राला लावली तर अडचण होते. आपल्याकडे पाऊस श्रावणाच्या बराच आधी येतो आणि वैशाखात कडक उन्हाळा असतो. सुश्रुतांनी दोषांच्या हिशोबासाठी दुसरी मांडणीही दिली आहे. तिच्यात शिशिर नाही आणि आषाढ-श्रावणाचा प्रावृट् हा वेगळा ऋतू आहे. फाल्गुन-चैत्र वसंत, वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म, भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद, पौष-माघ हेमंत. आपल्या हवेला ही बरीच जवळ बसते.

तरीही महिन्यावर विसंबू नये. अधिक महिना आला की सगळं पुढे सरकतं. 2023 साली श्रावणच अधिक होता. अष्टांगसंग्रहात ऋतू ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: महिना, सूर्याची रास आणि ऋतूचं प्रत्यक्ष स्वरूप. यांत पुढची खूण मागचीपेक्षा बलवान. म्हणजे खिडकीबाहेर जे दिसतंय ते शेवटचा शब्द. कोकणात पाऊस सुरू झालेला असतो तेव्हा विदर्भात अंग भाजणारं ऊन असतं. दोन्हीकडच्या घरांनी एकाच तारखेला दिनचर्या बदलायचं कारण नाही.

व्यवहारात अशा खुणा धराव्यात. वळवाचे दोन-तीन पाऊस होऊन हवा दमट झाली, कपडे वाळायला वेळ लागायला लागला, की उन्हाळा-पावसाळ्याचा संधी सुरू झाला. पाऊस उघडून सलग चार-पाच दिवस दुपारचं ऊन टोचायला लागलं, की शरद. पहाटे पांघरूण ओढावंसं वाटलं आणि ओठ फुटायला लागले, की हेमंत. दुपारी पंखा आणि पहाटे गारवा, झाडांची पानगळ आणि नवी पालवी एकाच वेळी, की वसंत.

पावापावाने बदल: पादांशिक क्रम

या विषयाचा गाभा इथे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात अहितकर सवय सोडून हितकर सवय धरण्याचा क्रम सांगितला आहे. पाद म्हणजे चौथा भाग. टीकाकारांच्या एका प्रचलित मांडणीप्रमाणे पहिल्या दिवशी पाव भाग नवं आणि पाऊण भाग जुनं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी निम्मं-निम्मं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी पाऊण नवं, पाव जुनं. सातव्या दिवसापासून पूर्ण नवं. पायरी चढत जाते तसा तिच्यावर थांबण्याचा काळही वाढतो: एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. शरीराला खरी कसरत शेवटच्या पायऱ्यांवर होते, म्हणून तिथे जास्त वेळ.

पाण्याचं उदाहरण घेऊ. उन्हाळाभर दिवसाला आठ पेले गार पाणी पिण्याची सवय आहे आणि पावसाळ्यासाठी उकळलेलं कोमट पाणी धरायचंय. पहिल्या दिवशी दोन पेले कोमट, सहा गार. कोमट पेले सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवताना. पुढचे दोन दिवस चार-चार. त्यापुढचे तीन दिवस सहा कोमट, दोन गार. हे दोन दुपारी, कारण तेव्हा उकाडा असतो. सातव्या दिवशी आठही कोमट. हेच गणित रात्रीच्या दह्याला, थंड पाण्याच्या आंघोळीला, दुपारच्या झोपेला लावता येतं. झोपेत पाव म्हणजे वेळेचा पाव: तासभर झोपत असाल तर पहिल्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं.

सवय वर्षानुवर्षांची असेल तर पावाचाही पाव, म्हणजे सोळावा भाग घेऊन सावकाश उतरण्याची मुभा आहे. चहा, उशिरा झोपणं, रोजचं तिखट अशा मुरलेल्या सवयींना हा धीमा क्रम बरा. फार काळ चाललेली गोष्ट मुळात चांगली नसली तरी शरीर तिच्याशी जुळवून घेतं. त्याला ओकसात्म्य म्हणतात. ती एकदम काढली की डोकेदुखी, मलावरोध, झोप उडणं असे त्रास होतात आणि माणूस "मला हे मानवत नाही" म्हणून चांगली गोष्टच सोडून देतो.

चुका कुठे होतात? पहिली, एकाच दिवशी पाच गोष्टी बदलायला घेणं. एका संधीत दोन, फार तर तीन सवयी निवडाव्यात. दुसरी, मधेच एक दिवस पूर्ण जुन्यावर जाऊन दुसऱ्या दिवशी पूर्ण नव्यावर उडी मारणं. लग्नकार्यात एखादा दिवस गेला तर ज्या पायरीवर होता तिच्या एक पायरी खाली येऊन पुन्हा सुरू करावं. तिसरी चूक उलट्या बाजूची: सगळंच क्रमाने करायचं समजणं. पावसाळ्यात पाणी उकळणं पहिल्या दिवसापासून शंभर टक्के. त्या पाण्याचं तापमान तेवढं पावापावाने बदलायचं, उकळून गार केलेलं ते कोमट असं. शिळं अन्न, उघड्यावरचा बर्फ, कापून ठेवलेली फळं यांना पाव भागाचीही सवलत नाही. आणि डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची औषधं या हिशोबात येतच नाहीत. ती ऋतू पाहून कमी-जास्त करायची नसतात.

रोजची तपासणी: अग्नी

चौदा दिवसांत पुढची पायरी चढायची की थांबायचं हे अग्नी ठरवतो. सकाळी दात घासण्याआधी जीभ बघा. पातळ, ओलसर, फिकट गुलाबी जीभ म्हणजे ठीक. जाड पांढरा चिकट थर म्हणजे कालचं पचलेलं नाही. मग पुढच्या जेवणाआधी पाच गोष्टी पाहायच्या: ढेकर आला तर त्याला कालच्या अन्नाचा वास नाही ना, पोट साफ झालं का, अंग हलकं आहे का, उत्साह आहे का, खरी भूक लागली आहे का. या खुणा जुळल्या की आधीचं जेवण जिरलं. त्या नसतील तर घड्याळात एक वाजला तरी जेवण पुढे ढकलावं किंवा पातळ पेजेवर भागवावं आणि त्या दिवशी नवीन पायरी चढू नये.

प्रमाणाचा नियम सगळ्या ऋतूंत एकच. पोटाचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक रिकामा. ऋतुसंधीत हा चौथा रिकामा भाग कटाक्षाने राखावा, कारण एवढ्या काळात पचनाची ताकद दररोज थोडी वेगळी असते.

उन्हाळ्यातून पावसाळ्यात

वर्षातला सर्वात नाजूक संधी हाच. सूर्य बळ शोषून घेतो तो आदानकाल नुकताच संपत असतो, शरीराचं बळ तळाला गेलेलं असतं, अग्नीही मंद असतो, आणि तेवढ्यात साठलेला वात उसळतो. चव बदलायची ती गोड-थंडकडून गोड-आंबट-खारटकडे. हे तीन रस वात शमवतात. एक वर्ष जुने तांदूळ, गहू, ज्वारी, मूग, आलं, लसूण, हिंग, जिरे, ओवा फोडणीत, आमसूल, जेवणात एक-दोन चमचे साजूक तूप. पालेभाज्या आणि कच्च्या कोशिंबिरी कमी, त्यांच्याऐवजी पडवळ, दुधी, दोडका शिजवून. उन्हाळ्यात चाललेलं सातूचं थंड पीठ आता बंद.

या दिवसांत रात्रीच्या जेवणाला मुगाच्या कढणासारखं दुसरं काही नाही. सालीचे अख्खे मूग पाव वाटी, पाणी चार वाट्या. मूग दोन तास भिजवून घ्या. जाड बुडाच्या उघड्या भांड्यात मंद आचेवर पाणी सुमारे निम्मं होईपर्यंत शिजवा. रवीने हलकं घोटून गाळा. एक चमचा तुपात जिरे, चिमूट हिंग, किसलेलं आलं टाकून फोडणी द्या. सैंधव, दोन दाणे मिरी कुटून, एक आमसूल. पळीतून सोडलं की धार पाण्यासारखी पडावी, वरणासारखी नाही. कुकरमध्ये शिट्ट्या करून डाळ गाळ केली की ते वरण होतं. चव छान लागते पण हलकेपणा जातो. दुसरी चूक म्हणजे भाकरी-भाजी पोटभर खाऊन वर कढण पिणं. ते जेवणाऐवजी घ्यायचं.

पाणी उकळताना नुसती उकळी फुटली की गॅस बंद करू नये. मिनिटभर चांगलं खळखळू द्यावं. एवढ्याने ते पिण्यायोग्य होतं. अग्नी फारच मंद असेल, पोट जड असेल, तर आटवून निम्मं उरवलेलं पाणी पचायला अधिक हलकं. उकळलेलं पाणी त्याच दिवशी संपवावं.

चातुर्मासातले उपवास याच काळात येतात ते योग्यच आहे. पण साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाट्याचा कीस हे तिन्ही पचायला जड. मंद अग्नीवर ते टाकून उपवासाचा हेतूच उलटा होतो. उपवासाला वरीचे तांदूळ भाजून केलेली पातळ पेज, राजगिऱ्याच्या लाह्या आणि गरम दूध, किंवा जिरं घातलेला दुधी घ्यावा. ज्यांना मधुमेहाची औषधं चालू आहेत त्यांनी उपवासाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

अंगाला तेल लावायला हा संधी चांगला. तिळाचं तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावं, थेट आचेवर नको. संपूर्ण अंगाला 30 मिलीच्या आसपास पुरतं. वेळ नसेल तर गुडघे, कंबर, तळपाय एवढ्यालाच. सांध्यांवर गोल, लांब हाडांवर सरळ हात फिरवावा. पंधरा-वीस मिनिटांनी गरम पाण्याने आंघोळ. ताप असताना, अपचन झालेलं असताना, सर्दी भरात असताना आणि जेवणानंतर लगेच तेल लावायचं नाही. अनेकांना तेलाने सर्दी होते ती या चार नियमांपैकी एखादा मोडल्यामुळे.

पावसाळ्यातून शरदात

इथे घोटाळा असा होतो की पावसाळ्यात धरलेलं आलं, लसूण, हिंग, आंबट, खारट तसंच पुढे चालू राहतं. ऋतू उष्ण झालेला, आतलं पित्त साठलेलं आणि वरून हे. मग आंबट ढेकर, तोंड येणं, अंगावर पित्त उठणं, डोळ्यांची आग. शरदाचे रस गोड, कडू आणि तुरट. म्हणजे तांदूळ, मूग, दूध, तूप, पडवळ, कारलं, दुधी, आवळा, डाळिंब, काळ्या मनुका. आवळा आंबट असूनही पित्त वाढवत नाही, म्हणून आंबटाची सवय मोडताना त्याचा आधार घ्यावा: पावसाळ्यात भाजीत चिंच-आमसूल होतं, तिथे पावापावाने आवळा. दही, तळण, क्षार, फसफसवलेले पदार्थ, दुपारचं ऊन आणि दिवसाची झोप टाळायची.

आत आग होत असेल, तहान भागत नसेल तर धण्याचं हिम करावं. भरडलेले धणे 20 ग्रॅम, उकळून गार केलेलं पाणी 120 मिली, म्हणजे एकास सहा. काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी हाताने कुस्करून गाळायचं, चमचाभर खडीसाखर घालून रिकाम्या पोटी घ्यायचं. हे उकळायचं नाही. उकळलं की तो काढा होतो आणि गार गुण कमी होतो. धण्याची पूडही वापरू नये, ती गाळली जात नाही. सर्दी-खोकला असलेल्याने आणि थंडी वाजणाऱ्याने घेऊ नये.

या ऋतूतल्या पाण्याला ग्रंथ हंसोदक म्हणतात. दिवसा उन्हाने तापलेलं, रात्री चांदण्यात गार झालेलं, अगस्ती ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेलं पाणी. गढूळ नद्या या सुमारास निवळतात, त्या निरीक्षणाचा हा सुंदर उल्लेख आहे. पण आजच्या दूषित पाण्याला ऊन-चांदण्यात ठेवून ते पिण्यालायक होत नाही. आधी उकळावं, मग हवं तर चांदण्यात ठेवावं.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत फराळ असतोच. चकली-चिवडा चहाबरोबर दिवसभर तोंडात टाकण्यापेक्षा दुपारच्या जेवणाचा भाग म्हणून खावा आणि त्या दिवशी पोळी कमी करावी. कोजागरीचं दूध रात्री उशिरा पिताना आधीचं जेवण हलकं आणि लवकर झालेलं असावं. मिसळ-भज्यांवर मसाला दूध ओतलं की दुसऱ्या दिवशी पित्ताची तक्रार ठरलेली.

शरदातून हेमंतात

कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांना शार्ङ्गधरसंहितेत यमदंष्ट्रा म्हटलं आहे, आणि या दिवसांत कमी खाणारा तरतो असं सांगितलं आहे. नाव भीतिदायक असलं तरी सूचना साधी आहे. थंडी पडली की भूक लागायला लागते, पण अग्नी अजून पूर्ण बळावलेला नसतो. पहिल्या गारव्यालाच डिंकाचे, मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं सुरू केलं की पोट बिघडतं. जेवणानंतर चार तासांत कडकडून भूक लागायला लागली की मग लाडू काढावेत; आधी अर्धा, तोही सकाळी. दिवाळीतलं अभ्यंग याच सुमारास येतं, तिथून तेल लावणं पुन्हा रोजचं करावं. हेमंत आणि शिशिर यांच्यात फारसा फरक नाही, रुक्षपणा थोडा वाढतो एवढंच. तिथे वेगळं काही करायची गरज पडत नाही.

थंडीतून वसंतात

गोठलेला कफ पाघळू लागतो तो हा संधी. सर्वात आधी रात्रीचं जेवण हलकं करायचं, मग लाडू-उडीद-मिठाई पावापावाने खाली, आणि शेवटी धान्य बदलायचं: नव्या तांदळाऐवजी जुनं धान्य, ज्वारी, जव. कडू, तिखट, तुरट चवी वाढवायच्या. दिवसा झोप पूर्ण बंद, कारण ती कफ थेट वाढवते. व्यायाम वाढवायचा, पण अर्ध्या ताकदीपर्यंतच. कपाळ, नाक आणि काखेत घाम आला आणि तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं.

पिण्यासाठी सुंठीचं पाणी: एक लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा सुंठ पूड, पाच-सात मिनिटं उकळून गाळून, दिवसभरात. छातीत जळजळ झाली की सुंठ निम्मी करावी किंवा तिच्याजागी नागरमोथा घ्यावा. मध या ऋतूत गुणकारी, दिवसाला एक-दोन चमचे, साध्या किंवा जेमतेम कोमट पाण्यात. उकळत्या पाण्यात किंवा चहात मध घालायचा नाही. तेल चोळण्याऐवजी आता कोरडं उटणं, खालून वर, म्हणजे पायांकडून हृदयाकडे.

पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं, ओवा, मिरी, हिंग, चिंच, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून खातो ते वसंतासाठी अचूक आहे. फक्त एक दिवस बोटावर घेऊन भागत नाही. आठवडाभर सकाळी अर्धा चमचा घ्यावी. गरोदर स्त्रियांनी कडुलिंब टाळावा. त्याच दिवशीचं श्रीखंड मात्र वसंताला जड आहे. चक्का घट्ट, आंबट-गोड आणि कफकर. सणाला खावं, पण वाटीभरावर जाऊ नये, आणि रात्री तर नकोच.

वसंतातून उन्हाळ्यात

तिखट-कडूकडून आता गोड, पातळ आणि गार याकडे. व्यायाम कमी, दुपारी थोडी झोप चालते. वर्षात फक्त याच ऋतूत तिला मोकळी परवानगी आहे. माठात वाळ्याची छोटी जुडी टाकावी, ती दर दोन-तीन दिवसांनी बदलावी, नाहीतर बुळबुळीत होऊन पाण्याला वास येतो.

दह्याबद्दल मोठा गैरसमज आहे. स्पर्शाला गार म्हणून उन्हाळ्यात रोज दही खाल्लं जातं. आयुर्वेदानुसार दही गुणाने उष्ण आणि पचायला जड आहे. शरद, ग्रीष्म आणि वसंत या तिन्ही ऋतूंत ते बहुधा नको म्हटलं आहे. खायचंच तर दुपारी, ताजं, साखर किंवा मुगाचं वरण किंवा आवळा यांच्या जोडीने. रात्री नाही आणि गरम करून तर कधीच नाही.

हरडा, काढे आणि पंचकर्म

ऋतूप्रमाणे हरड्याचं अनुपान, म्हणजे त्यासोबत घ्यायचा पदार्थ, ठरलेलं आहे: वर्षा ऋतूत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. प्रौढ निरोगी माणसाने अर्धा चहाचा चमचा हरडा पुडीपासून सुरुवात करावी. पातळ जुलाब झाले तर मात्रा कमी करावी. गरोदर स्त्रिया, फार कृश किंवा थकलेली माणसं, उपाशी असलेले आणि पित्त भडकलेले यांनी हरडा घेऊ नये.

काढ्याचं खूळ मात्र आवरायला हवं. मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ असा एकच काढा बारा महिने पिणारे लोक आहेत. वसंतात कफ असताना तो चालतो. तोच ऑक्टोबरात घेतला की तोंड येतं, गुदमार्गाची आग होते. ज्येष्ठमध बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. गुळवेल यकृताचा आजार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

साठलेला दोष बाहेर काढण्यासाठी वसंतात वमन (औषधाने उलटी), श्रावणात बस्ती (औषधी एनिमा), शरदात विरेचन (औषधाने जुलाब) असं पंचकर्म सांगितलं आहे. ते निरोगी माणसालाही उपयोगी मानलं असलं तरी घरी करायचं काम नाही. मिठाचं पाणी पिऊन उलट्या काढणं किंवा भरपूर एरंडेल घेऊन जुलाब करणं याने शरीरातलं पाणी आणि क्षार धोकादायकरीत्या कमी होतात. आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप देणं आणि घाम काढणं), नंतर पेज आणि विलेपी म्हणजे दाट पेज यांपासून चढत जाणारं पथ्य, हे सगळं वैद्यांच्या देखरेखीखालीच.

कुठे थांबून डॉक्टर गाठायचा

पावसाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिसची तपासणी करून घ्यावी. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. रक्त पडणारे जुलाब, लघवी कमी होणं, श्वास लागणं, अंगावर लाल ठिपके यांत एक दिवसही घरगुती उपायांत घालवू नये. उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं आहे, तर अंगावर गार पाणी ओतत थेट रुग्णालयात न्यावं. शुद्ध नसेल तर तोंडाने काही पाजू नये.

मधुमेह असेल तर वर आलेली साखर, गूळ, मध वजा करायचे. रक्तदाब असलेल्यांनी सैंधवही मीठच समजावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आवळा, हरडा, काढे यांपैकी काहीही विचारल्याशिवाय नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरही द्यायचा नाही. लहान मुलांना पादांशिक क्रमातल्या पायऱ्या मोजून देत बसण्यापेक्षा घरातल्या मोठ्यांचं ताट बदललं की त्यांचंही बदलतं. त्यांच्यासाठी फक्त रात्रीचं जेवण झोपेच्या दोन तास आधी आटोपेल आणि थंड पेय जेवणाला जोडून दिलं जाणार नाही, एवढं पाहावं.